बाटलीवरची पट्टी

ते नाटक मी लिहिलं हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातली सगळ्यात भीतीची जागा मला नव्हे, दवाखान्यातल्या कंपाउंडरना सुचली, असं गाव आजही समजतं. तसं मीच सांगितलं होतं. वीस वर्षं झाली, मी ते दुरुस्त केलं नाही.

गाव नेरच्या अलीकडे. एक कापसाचं जिनिंग, एक शाळा, एक वाचनालय आणि एक सरकारी दवाखाना. मी शाळेत मास्तर होतो, नोकरी अजून कायम झाली नव्हती. कंपाउंडर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. छप्पन्न साली नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलेल्या घरातले, मॅट्रिक झालेले, अंगावर कायम परीटघडीचा सदरा. दवाखान्याच्या खिडकीत ते उभे राहत. आपली बाटली आपण न्यायची, ते मिक्श्चर भरून देत. मग एक कागद घडी घालून कात्रीने कडेला खाचा पाडायचे, उलगडला की दातेरी पट्टी व्हायची. ती खळ लावून बाटलीवर चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. पेशंटला वाचता येवो न येवो, पट्टी कळायची.

मी खोकल्याचं औषध घ्यायला गेलो असताना मला ते सुचलं. त्यांनी माझ्या बाटलीवर पट्टी लावली, वाकडी लागली म्हणून ओली असतानाच काढली आणि दुसरी लावली. मी पाहत होतो. मनात आलं, ही दुसरी पट्टी मुद्दाम कमी खाचांची लावली तर?

वाचनालयाच्या वर्धापनाला दरवर्षी नाटक व्हायचं. राजे, राक्षस, तलवारी. मला वेगळं काही करायचं होतं. भूत नाही, खून दिसत नाही, फक्त एक घर आणि त्यात नवरा-बायको. बायको आजारी. नवरा फार प्रेमाने औषध देतो, म्हणतो, "खुणेपर्यंतच घे हं." आणि ती झोपली की पट्टी बदलतो. सहा खाचांच्या जागी तीन. ती दुप्पट औषध घेते, बाटली लवकर संपते, आणि तो तिला समजावतो, "तूच घेतलंस, विसरलीस." शेवटी तिलाच वाटायला लागतं की आपलं डोकं फिरलं.

नवऱ्याच्या कामावर गावातल्या अडत्याचा हक्क होता. आजवरचे सगळे राक्षस त्यानेच केलेले. मिशा, आवाज, सगळं होतं. मी त्याला नाही म्हटलं आणि कंपाउंडरना विचारलं. अडत्या वाचनालयात सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, हा कायचा खुनी? याचं तोंड पाहून लेकरू बी रडत नाही."

"म्हणूनच," मी म्हणालो. मला त्या उत्तराचा फार अभिमान वाटला होता.

कंपाउंडर लगेच तयार झाले नाहीत. तालमीत ते छान बोलत, पण पट्टीच्या जागी अडले. शाळेच्या वर्गात बाक भिंतीला लावून आमची तालीम चालायची. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली.

"गुरुजी, हे एवढं नका ठेवू. विष घालतो असं दाखवा, काहीबी दाखवा. पट्टीले हात नका लावू."

"अहो, तीच तर नाटकाची जान आहे."

"तुमाले नाटक आहे. मले त उद्या त्याच खिडकीत उभं राहा लागते."

"लोक काय एवढे खुळे आहेत?"

ते थोडं हसले. "खुळे नाहीत, म्हणूनच म्हणून राह्यलो."

मला तेव्हा हे कळलं नाही. कळलं नाही असं मी लिहितोय, पण अर्धवट कळलं होतं. नाटक बिघडू नये म्हणून मी ते बाजूला सारलं. आणखी दोन दिवस मनवलं, ते मानले.

नाटक जिनिंगच्या शेडमध्ये झालं. हंगाम संपला होता, पण पत्र्याला आणि वाशांना कापसाचं तूस लोंबत होतं. पहिला खेळ पुरुषांचा झाला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांचा खेळ. आमच्याकडे तेव्हा तो वेगळा असायचा. पत्र्याच्या फटींतून ऊन आत येत होतं. बायका लेकरं घेऊन, पाण्याचे तांबे घेऊन बसल्या होत्या.

बायकोचं काम चित्रकलेच्या मास्तरांनी केलं होतं. हिरवं लुगडं, नाकात नथ. ते खाटेवर आडवे होऊन कण्हायला लागले तशी पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली, "अवं माय! हे त माह्या पोराले छडीनं मारणारे मास्तर!"

मागून दुसरी म्हणाली, "मंग मरू दे नं!"

शेडभर हसू फुटलं. लुगड्यातून मास्तरही हसले, खाट हलली. मी पडद्याआड पुस्तक धरून उभा होतो, मला वाटलं खेळ गेला.

मग कंपाउंडर आले. त्यांनी बायकोच्या अंगावर पांघरूण सारखं केलं, तिचं कपाळ पाहिलं. खिशातून घडी केलेला कागद काढला, कात्री काढली. कात्रीचा कच कच आवाज तेवढा आला. ते तीन खाचा पाडत होते आणि चेहरा अगदी तोच होता, रोज खिडकीत असतो तो. जुनी पट्टी अंगठ्याने ओली करून सोलली, नवी लावली, बाटली उजेडात धरून सरळ लागली की नाही ते पाहिलं.

एकही बाई हसत नव्हती. मघाशी ओरडलेलीच उठून उभी राहिली. "बाई वं, पिऊ नको! पट्टी बदलवली त्यानं! म्या पाह्यलं!" तिला कोणी खाली ओढलं नाही. दुसरी म्हणाली, "पाह्य, कसा पाहून राह्यला. माह्या बाटलीकडे असाच पाह्यते तो."

पडद्याआड मला आनंद आवरत नव्हता. जे हवं होतं ते झालं होतं.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. हॉटेलात चहा पिताना कोणी म्हणे, एवढं खरं काम आजवर कोणी केलं नाही. कोणी म्हणे, काम कुठं केलं, तो तसाच आहे. अडत्या म्हणाला, "मले लोक राक्षस म्हनत, पन माह्या दुकानात येत. याच्या खिडकीत आता कोन जाईन?"

आधी थट्टाच होती. खिडकीशी बाटली देताना लोक म्हणायचे, "कंपाउंडर, पट्टी नीट लावजा बे, आमची बायको अजून पाह्यजे आमाले." ते हसून पट्टी दाखवायचे, खाचा मोजून द्यायचे. मग बायका औषधाऐवजी गोळ्या मागायला लागल्या. मग काही जण बाटली भरून न्यायचे आणि दवाखान्यामागच्या नालीत ओतायचे. तिथल्या दगडांवर लाल डाग पडले होते, ते मी स्वतः पाहिले.

तसा डाग आमच्या घरीही होता. माझ्या आईला दम्याचं औषध चालू होतं. एका सकाळी ती परसात राखेच्या ढिगावर बाटली उपडी करत होती.

"आई, हे काय करतेस?"

"दुपारच्या खेळाले गेलती मी."

"अगं, ते नाटक आहे. मी लिहिलंय ते."

"मले मालूम हाय तू लिवलं." तिने बाटली विसळली. "पहिलेबी मी सगळं पेत नव्हती. दवाखान्यातलं पानी राह्यते त्याच्यात, त्याच्या हातचं. आता सांगाले कारन झालं."

माझी आई कोणाशी वाईट वागलेली मी पाहिलेली नाही. दारात आलेल्या कोणालाही ती भाकर द्यायची. देताना हात किती उंच धरायची ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. गावाला घाबरायला काहीतरी हवंच होतं आणि ते मी लिहून, तालीम घेऊन, खऱ्या कात्रीसकट दिलं होतं. त्या सकाळी मी पिशवी उचलली. शाळेत गेलो.

महिन्याभरात डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. ते बाहेरगावचे, रागीट. शाळेच्या कमिटीवर त्यांचं वजन होतं. त्यांच्या टेबलापासून खिडकी पाच-सहा पावलांवर. कंपाउंडर आमच्याकडे पाठ करून पट्ट्या कापत होते.

"मास्तर, माझ्या दवाखान्याची शोभा केलीत. ही पट्टीची अक्कल कोणाची?"

मी नोकरीचा विचार केला असं म्हणणं सोपं आहे. खरं तर विचार केलाच नाही. तोंडातून आलं.

"त्यांचीच. तालमीत त्यांनीच दाखवलं."

कात्री थांबली. मी तिकडे पाहिलं नाही, पण आवाज थांबला ते ऐकलं. मग पुन्हा सुरू झाली, कच, कच, मोजल्यासारखी.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "ज्या माणसाच्या डोक्यात हे येतं, त्याच्या हाती मी औषध कसं ठेवू?"

माझं उत्तर चार दिवसांत गावभर झालं. पावसाळ्याआधी कंपाउंडरची उमरखेडला बदली झाली. जिल्ह्याचं दुसरं टोक. म्हातारे वडील इथेच राहिले. बस निघाली तेव्हा मी शाळेत होतो. शाळेतून स्टँड दिसतो. त्या वर्षी मी कायम झालो.

पुढे सात-आठ वर्षांनी परीक्षेच्या कामावर मला उमरखेडला पाठवलं. तिसऱ्या दिवशी खोकला नसताना मी बाजारातून रिकामी बाटली घेतली आणि दवाखान्यात गेलो. खिडकीत तेच होते. केस पिकलेले, सदरा तसाच. माझ्या पुढे एक म्हातारी होती. त्यांनी तिची बाटली भरली, कागद कापला, आणि पट्टी व खळीची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"लावा, आजी."

म्हातारीने बोट बुडवून पट्टी स्वतः चिकटवली, अंगठ्याने दाबली आणि बाटली पदरात घेऊन गेली. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. उमरखेडात तीच रीत झाली होती.

माझी बाटली त्यांनी भरली. ओळखलं होतं, पण आधी पट्टी कापली. सहा खाचा. वाटी पुढे केली.

"लावा, गुरुजी."

मला ती सरळ लावता येईना. खळ बोटांना लागली होती, तशाच हाताने मी म्हणालो, "त्या दिवशी डॉक्टरांजवळ मी खोटं बोललो."

"आयकू आलतं मले."

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

"बोललो असतो त त्यायनं कोनाचं आयकलं असतं? तुमचं का माह्यं?" आवाज चढला नव्हता. मागे दोन माणसं उभी होती, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं. "मले कायले सांगता? मले त मालूमच आहे. गावात सांगा. माह्ये वडील मेले तवा बी लोक हेच म्हनत होते, याच्या पोराचं डोकं तसं."

मी सांगतो म्हणालो. ते पुढच्या माणसाची बाटली घ्यायला वळले.

मी सांगितलं नाही. परत आलो, आई आजारी होती, ती गेली. मी हेडमास्तर झालो. डॉक्टर बदलून गेले. दरवेळी एक नवं कारण असायचं आणि दरवेळी ते मला पुरायचं.

यंदा वाचनालयाने त्या जुन्या नाटकाच्या आठवणी सांगायला मला बोलावलंय. निमंत्रण द्यायला अडत्या स्वतः आला, आता काठी टेकत चालतो. ओट्यावर बसून म्हणाला, "पट्टीचं जरूर सांगजा, मास्तर. काय डोकं होतं त्या कंपाउंडरचं! आपन वळखलं नव्हतं."

"ते डोकं माझं होतं," मी म्हणालो.

तो हसला. "राहू द्या मास्तर, आता त्याचं श्रेय कायले घेता?"

तेव्हा समजलं की तोंडी सांगून भागणार नाही. म्हणून हे लिहून काढलं आहे. आठवणींच्या जागी हेच वाचणार आहे, माझ्या आईच्या बाटलीसकट. उमरखेडला त्यांच्या जुन्या पत्त्यावर कार्ड टाकलंय, जमल्यास या म्हणून. ते रिटायर झाले असतील. अजून उत्तर नाही. आलं नाही तरी त्या दिवशी मी उभा राहीन. जिनिंगच्याच शेडमध्ये कार्यक्रम आहे, दुपारचा. बायकाही असतील. त्यांतल्या काही त्या दुपारीही होत्या.