मदर अर्लीनची गॅलरी

अलोन्झो टार्व्हरनं नोकरीच्या काळात बरेच पूल बंद केले. एकदा तर शेरीफची गाडी पुलाच्या तोंडाशी येऊन उभी असताना त्यानं आडवा दोर बांधला आणि शेरीफला सांगितलं, वळसा लांबचा आहे, घरून लवकर निघायला हवं होतं. मेकन शहरातल्या काळ्या इंजिनिअरांच्या मंडळाला ही गोष्ट तोंडपाठ होती. अलोन्झो ती दर वर्षी नव्या पोरांना सांगे, आणि दर वर्षी त्यातला शेरीफ थोडा थोडा जाडा होत जाई.

असा हा माणूस निवृत्तीनंतर एका लाकडी तुळईपुढे नांगी टाकून बसला. खरं म्हणजे तुळईपुढे नव्हे, त्या तुळईवर बसणाऱ्या बाईंपुढे.

चर्चच्या गॅलरीतलं एक बाक कुरकुरतं म्हणून एका शुक्रवारी अलोन्झोला बोलावलं होतं. शहराच्या त्या भागात काहीही कुरकुरलं की अलोन्झोलाच बोलावत, मग ते बाक असो, फाटक असो की कुणाचा जावई. त्यानं बाकाचे खिळे ठोकले, सवयीनं एक फळी उचकटून खाली डोकावला, आणि मुख्य तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. मक्याच्या पावात सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला. छताचं पाणी कित्येक वर्षं भिंतीतून तिथं मुरत होतं.

त्यानं फळी जागेवर बसवली, स्क्रूड्रायव्हर पुसला आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, बाक ठीक आहे.

बाक ठीक होतंच. पण पुढच्याच्या पुढच्या रविवारी चर्चला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी गॅलरी गच्च भरणार, आणि भरणार म्हणजे लोक तिथं गप बसून राहणार असं नव्हे. त्या चर्चमध्ये गायकवृंदानं सूर धरला की बसून राहणारा माणूस आजारी समजला जाई. सगळी गॅलरी उभी राही, टाळ्या पडत, पाय आपटत. आणि ह्या सगळ्याच्या अगदी पुढे, मधोमध, मदर अर्लीन ब्रॉडनॅक्स.

वयानं आणि आचारानं मोठ्या बायांना चर्च ‘मदर’ म्हणे. तशा आणखी तिघी होत्या, पण नुसतं मदर म्हटलं की ते अर्लीनबाईंनाच. वय नव्वदीच्या पुढे. लहानपणी गावातल्या थिएटरात काळ्या माणसांना बाजूच्या काळोख्या जिन्यानं वर माळ्यावर बसवत. अर्लीन तिथं एकदाच गेल्या, आणि घरी येऊन म्हणाल्या की यापुढे मी वर बसेन ते माझ्या मर्जीनं. तेव्हापासून चर्चमध्ये त्यांची जागा गॅलरीत. गुडघे गेले, तरी जागा तीच. दर रविवारी त्या एकेक पायरी चढत, मधे थांबून कठड्याला धरून श्वास घेत, आणि कुणी हात पुढे केला तर त्याच्याकडे असं बघत की तो हात खिशात जाई.

ह्याच बाईंनी अलोन्झोला इंजिनिअर केलं असं म्हणायला हरकत नाही. तो सुताराचा मुलगा, गणितात बरा, बोलण्यात मुखदुर्बळ. टस्कीगीच्या कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा मदर अर्लीननी चर्चच्या अंगणात कढई मांडली आणि शनिवारमागून शनिवार तळलेली मासळी विकली. कॉलेज संपलं आणि एका पुलांच्या कंपनीत तो पहिला काळा इंजिनिअर म्हणून लागला. कंपनीनं त्याला रस्त्याखालच्या मोऱ्या दिल्या. नुसत्या मोऱ्या. वर्षानुवर्षं तो पाणी जायच्या मोऱ्याच आखत राहिला, आणि मागाहून आलेले त्याला ओलांडून पुलांवर गेले. रागावून घरी आला की मदर म्हणत, पाणी तर नीट जातंय ना, मग तूही जाशील. तो गेलाही. शेवटी पुलांच्या तपासणीचा प्रमुख झाला. मग त्यानं मंडळ काढलं, कॉलेजातून सुटलेल्या पोरापोरींना नोकरीत कसं टिकायचं ते शिकवलं. त्याचा पहिला धडा एकच असे: तडा दिसला की त्याच दिवशी बोला. समोर कोण आहे ते बघू नका.

तर तडा दिसला शुक्रवारी. रविवारी अलोन्झो खाली नेहमीच्या बाकावर बसला आणि पूर्ण प्रार्थना होईपर्यंत त्यानं नजर वरून खाली आणली नाही. गाण्याला त्याच्या कपाळावर घाम आला. वर्नेलला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं की नवऱ्याला उतारवयात का होईना भक्ती सुचली. तिनं त्या आनंदात संध्याकाळी त्याच्या आवडीचं पीच घातलेलं गोड केलं, आणि ते खाताना त्यानं सगळं सांगून टाकलं.

वर्नेलनं बशी काढून घेतली.

सोमवारी तो रेव्हरंड मिम्सकडे गेला. रेव्हरंड भला माणूस, सैतानाला अजिबात न भिणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, आणि म्हणाले की गॅलरी बंद करायलाच हवी; मदरला तेवढं तू सांग. अलोन्झो म्हणाला, हे चर्चच्या प्रमुखानं सांगावं. रेव्हरंड म्हणाले, हे इंजिनिअरनं सांगावं. दोघांनी मिळून प्रार्थना केली आणि दोघंही आपापल्या घरी गेले.

गुरुवारी तो मदरच्या घरी गेला. वाटेत मोटारीत त्यानं तीन-चार वाक्यं मोठ्यानं घोकली होती. मदरनी दार उघडलं, वाळलास म्हणाल्या, आणि बटरबीन्सची उसळ, डुकराच्या मानेच्या हाडांचं कालवण आणि भात असं ताट पुढे ठेवलं. तुळई म्हणायला तोंड रिकामं हवं, आणि ते त्या घरात कधी राहत नसे. निघताना मदरनी त्याच्याकडे एक नवी गादी दिली, रविवारी गॅलरीत माझ्या जागेवर टाक म्हणाल्या. तो बरं म्हणाला. गादी घेऊन तो घरी आला तेव्हा वर्नेलनं ती दाबून पाहिली. मग म्हणाली, “बरं झालं. पडल्यावर मऊ लागेल त्यांना.”

शनिवारी चर्चच्या तळघरात मंडळाचा वर्ग असे. आता मंडळाची अध्यक्ष रेनिटा गॅस्किन्स होती, अलोन्झोच्याच हाताखाली तयार झालेली, आणि सध्या त्याच्याच जुन्या खुर्चीवर बसून पूल तपासणारी. तिला वर्नेलकडून फोन गेला होता. वर्ग आटोपल्यावर तिनं त्याला कोपऱ्यात गाठलं.

“सर, ही गॅलरी परक्या कुणाची असती तर?”

“परक्यांचं सोपं असतं गं.”

“मग मी सांगते मदरला.”

“त्या तुला जेवायला वाढतील.”

“मला बटरबीन्स आवडत नाहीत,” रेनिटा म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिचा सूर उतरला. “नाही, सर. मी उद्या तुमच्या शेजारी उभी राहते. फीत बांधते. बोलायचं मात्र तुम्ही.”

रविवारी ती दोघं सगळ्यांच्या आधी आली. रेनिटानं जिन्याच्या तोंडाशी पिवळी फीत आडवी बांधली. अलोन्झो खालच्या पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला. लोक यायला लागले. फीत पाहून कुजबुज झाली आणि सगळे तिथंच रेंगाळले, कारण मदर अजून यायच्या होत्या आणि हे चुकवायची कुणाची तयारी नव्हती.

मदर अर्लीन आल्या. पांढराशुभ्र पोशाख आणि रुखवतात मांडावी अशी टोपी. त्या फितीपाशी थांबल्या.

“हे काय बांधलंस?”

“वर जायचं नाही, मदर. तुळई कुजलीय.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

मदरनी वर बघितलं, मग त्याच्याकडे. “थिएटरात मला वर पाठवलं होतं, अलोन्झो. इथं मी माझ्या पायांनी चढले. आज शंभरीच्या दिवशी तू मला उतरवणार?”

रेनिटानं त्याच्याकडे पाहिलं नाही, फक्त थोडी जवळ सरकली.

“हो,” तो म्हणाला. “आज उतरवणार.”

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

इथं खोटं बोलायला जागा होती. रेव्हरंड मिम्स तर लांबून मान हलवून ते सुचवतही होते. “मागच्या रविवारच्या आधीपासून,” अलोन्झो म्हणाला.

“म्हणजे मागच्या रविवारी मी वर होते, ही सगळी लेकरं वर होती, आणि तू खालून बघत बसलास.”

“हो.”

“आणि गुरुवारी माझ्या घरी जेवलास. दोनदा वाढून घेतलंस.”

“तीनदा,” मागून वर्नेल म्हणाली. “मला सांगितलंय त्यानं.”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मदर हसल्या नाहीत.

“गॅलरी बंद केलीस त्याचा मला राग नाही,” त्या म्हणाल्या. “पण तू मला जपत बसलास. मी म्हातारी आहे, अलोन्झो. कुजलीय ती तुळई.”

मग त्या वळल्या आणि खालच्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. ती जागा चर्चच्या खजिनदाराच्या बायकोची होती. ती दुसऱ्या बाकावर गेली, दुसऱ्या बाकावरची तिसऱ्यावर, आणि अशा रीतीनं शंभराव्या वाढदिवशी सगळं चर्च आपली पिढीजात जागा सोडून एकेक बाक मागे सरकलं. शेवटच्या रांगेतले दारात उभे राहिले. त्यातले दोघे म्हणे पुढे कित्येक महिने अलोन्झोशी बोलत नव्हते.

सूचना सांगायची वेळ आली तेव्हा मदर बसल्या जागेवरून म्हणाल्या की अलोन्झो टार्व्हरला चर्चला काही सांगायचं आहे. तो उभा राहिला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बैठकांत तासन् तास बोललेला माणूस, पण आपल्या माणसांपुढे त्याला शब्द फुटेना. त्यानं बाकाची पाठ घट्ट धरली. तेव्हा त्या चर्चच्या रीतीप्रमाणे कुठूनतरी एक आवाज आला, “सावकाश, बाबा.” दुसरा आला, “घाई नाही.” मग तिसरा, अगदी पुढच्या बाकावरून, “सावकाश सांग, बाळ. पण सगळं सांग.”

त्यानं सगळं सांगितलं. शुक्रवार, स्क्रूड्रायव्हर, मागचा रविवार, गादीसुद्धा. मुरलेल्या पाण्याचा उल्लेख आला तिथं एका भाविकानं जोरात आमेन म्हटलं. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून मंडळ कामाला लागलं. कुणी टेकू आणले, कुणी छप्पर नीट केलं, रेनिटानं आकडेमोड केली आणि अलोन्झोनं ती दोनदा तपासली. कुजलेली तुळई गेली, लोखंडी आली. गॅलरी उघडायच्या दिवशी सगळे इंजिनिअर कोट-टाय घालून जमले. मदर खाली पहिल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, आधी तुम्ही सगळे वर जा आणि नाचा.

शहरातले यच्चयावत काळे इंजिनिअर गॅलरीत चढले. पाण्याच्या खात्यातला, विमानतळावरचा, कागद गिरणीतला, सगळे. ते संकोचून पाय आपटू लागले. उत्तरेकडून नवा आलेला एक तरुण तर सगळ्यांच्या उलट्या ठेक्यावर आपटत होता, आणि रेनिटा त्याला म्हणाली, तू निदान आकडेमोड तरी ठेक्यात करत जा. मदरना ते नुसतं पाय आपटणं पटलं नाही. गाण्याशिवाय इथं कुणी नाचत नाही, त्या म्हणाल्या. मग गाणं लागलं. अलोन्झो बेसूर होता, पण पायांनी बरा होता. खालच्या झुंबराचा लोलकही हलला नाही.

गाणं रंगात आलं तशा मदर अर्लीन उठल्या आणि कुणाला न सांगता जिना चढू लागल्या. कठडा धरून दोन पायऱ्या, मग श्वास, मग आणखी दोन. वरून अलोन्झोला ती टोपी दिसली.

“थांबा, मदर,” तो वरून म्हणाला. “तुळईची परीक्षा संपली की मी सांगेन, मग या.”

गाणं अर्ध्यावर राहिलं. सगळ्यांचे पाय जागच्या जागी थबकले. मदर अर्लीननी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटल्या, आणि कठड्याला धरून आहे त्या पायरीवर उभ्या राहिल्या.