घरच्या पोराचं माप

कोबीची निम्मी पानं गुंडाळून झाली होती, निम्मी अजून गरम पाण्यात मऊ व्हायला पडली होती. पॉलेट झुबाक एकेक पान तळहातावर घेई, मधली जाड शीर सुरीने तासून टाके, भात आणि खिम्याचा मुटका त्यात ठेवी आणि पान दुमडताना ओठांतल्या ओठांत म्हणे, "प्रभू, दया कर." कोबीची प्रत्येक गुंडाळी म्हणजे एक होलुपकी, आणि प्रत्येक होलुपकीला एक "दया कर". पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. तिथून थोड्या थोड्या वेळाने कुणाच्या तरी मुलाचं नाव ऐकू येई, मग कुणाची तरी आई रडत त्याच्या गळ्यात पडे. पॉलेटच्या मुलाचं, डेमियनचं, नाव येत नव्हतं.

ड्राफ्टचा हा तिसरा आणि शेवटचा दिवस. दर एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचे मोठे संघ कॉलेजातली पोरं एकेक करून उचलतात, सात फेऱ्यांत. डेमियनच्या एजंटने छातीठोक सांगितलं होतं, "चौथी फेरी, फार तर पाचवी. आणि तुमच्याच टीमचा त्याच्यावर डोळा आहे." चौथी गेली. पाचवीही संपत आली. सकाळी घरभर माणसं होती. जेवणाच्या वेळेपर्यंत कुणाला नातवाला आणायला जायचं आठवलं, कुणाला गवत कापायचं. उरले ते शेजारचा बड यानोशिक आणि पॉलेटच्या नवऱ्याची, मायरनची, बहीण आयरीन. आयरीन पुढच्या खोलीत बसून अक्रोडाचा रोल कापत होती आणि कुणी खात नव्हतं म्हणून स्वतःच खात होती.

डेमियन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. एवढा मोठा देह, की त्या पायरीवरून दुसऱ्या कुणाला वर जाता येत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट अंगात, फोन मांडीवर पालथा. पालथा का, असं पॉलेटने सकाळी विचारलं तर म्हणाला, "सुलटा ठेवला की मी बघत बसतो, मॉम."

आणि मायरन टीव्हीपुढे. गप्प.

मायरन झुबाक गप्प बसलाय, हेच मुळात आश्चर्य होतं. नदीकाठच्या या गावात, पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या त्या काळापासून, मायरन बाजारातल्या दुकानात मटणाच्या काउंटरमागे उभा होता. त्याने कधी काटा मारला नाही. गिऱ्हाईक बघत असो नसो, अंगठा काट्यापासून लांब. आई जिवंत असताना तिने एकदा ईस्टरला चर्चमध्ये आशीर्वादासाठी न्यायच्या टोपलीसाठी हॅम मागितला, तर सगळ्यांदेखत म्हणाला, "मा, हा घेऊ नकोस, यात पाणी जास्त आहे." मालक मागेच उभा होता. पण मायरनला काढून टाकणं म्हणजे निम्मं गिऱ्हाईक घालवणं, हे मालकालाही माहीत होतं.

दुकानातली ही सवय तो ड्राफ्टमध्ये घेऊन आला. निवड संपली की पुढच्या रविवारी, प्रार्थनेनंतर, चर्चच्या तळघरात कॉफी घेऊन सगळे त्याच्याभोवती जमत. "तोल रे मायरन!" मग तो उभा राही आणि दोन्ही तळवे पुढे धरी. उजव्यात पोराचं बळ, डाव्यात उणं. "हा पहिला. पाय चित्त्याचे. पळायला लागला की वारा मागे." उजवा तळवा जरा खाली. "पण चेंडू हातात आला की डोळे मिटतो." डावा आणखी खाली. "हा दुसरा. अंगाने म्हैस, मनाने कोकरू. थंडीत बघा त्याचं काय होतं." लोक हसत, भांडत, बड तर हटकून म्हणे, "अरे, तू मटणवाला, तुला सगळी मेलेलीच तोलायची सवय!" पण मापाबद्दल शंका कुणी घेत नसे. मायरन चुकायचा, बऱ्याचदा चुकायचा. फक्त काटा मारायचा नाही.

लग्नाआधी त्याने पॉलेटलाही तोललं होतं. पुलावर उभं राहून, दोन्ही तळवे पुढे धरून. "स्वयंपाक चांगला. देवावर श्रद्धा आहे, माझ्यापेक्षा जास्त. गाणं वाईट. राग लवकर येतो, पण टिकत नाही." मग उजवा हात इतका खाली नेला की कठड्यावर आपटला. ती हसली आणि हो म्हणाली. जग 'आपला तो बाब्या' म्हणत चालतं. झुबाकांच्या घरी बाब्यालाही काट्यावर चढावं लागतं, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या खोलीत बड ओरडला, "आपला नंबर! आपला नंबर!"

सहावी फेरी होती. पॉलेट ओल्या हातांनीच दारात आली. आयरीनने छातीवर क्रूसाची खूण केली. डेमियन उठून उभा राहिला आणि जिना करकरला. टीव्हीवरचा माणूस कागद उघडून म्हणाला, झुबाकांच्या आवडत्या संघाने घेतला आहे एक गार्ड. दक्षिणेतल्या कुठल्याशा कॉलेजचा. गार्ड म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापुढे भिंत होऊन उभा राहणारा. डेमियनची जागा. नाव दुसऱ्याचं.

डेमियन खाली बसला. अगदी हळू, जिना वाजणार नाही असा.

अशा वेळी बड नेहमी जे करतो तेच त्याने केलं. "बरं, मायरन, तोल बघू याला. काय बघितलं याच्यात आपल्या शहाण्यांनी?"

मायरनने सवयीने तळवे पुढे केले. ते हवेत तसेच राहिले. "मला नाही जमायचं, बड," तो म्हणाला आणि स्वयंपाकघरातून, पॉलेटच्या अंगावरून, मागच्या ओट्यावर निघून गेला.

पॉलेट त्याच्यामागे गेली. तो पायरीवर वाकून बसला होता.

"बरं वाटत नाही का? छातीत दुखतंय?"

"त्यांनी मला फोन केला होता," मायरन म्हणाला.

"कुणी?"

"आपल्या टीमने. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत. दुकानात, जेवणाच्या सुट्टीत. त्यांचा माणूस म्हणाला, मिस्टर झुबाक, तुम्ही पोराला लहानपणापासून बघताय, आम्हाला त्याच्याबद्दल सांगा. तुमचं मत हवंय." त्याचा आवाज चिरकला. "माझं मत, पॉलेट. आपल्या टीमला. जन्मभर मी तळघरात बोंबललो, आणि त्या दिवशी त्यांनी विचारलं."

पॉलेटला तो दिवस आठवला. त्या दिवशी तो घरी आला तो शिट्टी वाजवतच. उपासाचं मटाराचं सूप तीन वाट्या प्यायला आणि त्या रविवारी चर्चमध्ये इतक्या मोठ्याने गायला की फादरनी वळून पाहिलं. तिला वाटलं होतं, उपासाची कृपा. तिने देवाचे आभारही मानले होते.

"काय सांगितलंस?"

"तोललं."

"मायरन."

"उजवीकडे सगळं सांगितलं. पाय हलके, पाठ मोकळी, एकदा शिकवलं की विसरत नाही. मग तो म्हणाला, आणि डावीकडे? म्हणजे तो तसं म्हणाला नाही, पण तेच विचारलं. तर मी म्हणालो, पोरात दुष्टावा नाही. ज्याला पाडतो त्यालाच हात देऊन उठवतो. आणि म्हणालो, फुटबॉल नसला तरी त्याचं काही अडणार नाही. शाळेत असताना सरावाला मी त्याला चादरीतून ओढून काढायचो. त्याला लहान पोरांना शिकवायला जास्त आवडतं. असं म्हणालो. तो माणूस हसला. म्हणाला, तुमच्याइतका प्रामाणिक बाप मी पाहिला नाही. हे आपल्यातच ठेवा."

पॉलेटला फुटबॉलमधलं फार कळत नसे. पण इतकी वर्षं त्या तळघरात कॉफी ओतली होती. एवढं कळायचं की संघांना भुकेलेली पोरं लागतात. ज्याचं खेळावाचून अडत नाही, त्याच्यावाचून संघाचंही अडत नाही.

"घरच्या पोराला कुणी तोलतं का रे?" ती म्हणाली. रडू येत होतं, पण आवाज राग आल्यासारखाच निघाला. "लोक दगडालाही हिरा म्हणून विकतात! एकदा, जन्मात एकदाच, अंगठा टेकवला असतास काट्यावर, तर देवाने काय तुझा हात तोडला असता?"

"मला वाटलं, तो मला विचारतोय. पोराला विकत घेतोय हे डोक्यातच आलं नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की हे खरं आहे. त्यामुळे तर आणखीच वाईट वाटलं. लबाडीची माफी मागता येते. याची कशी मागायची?

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "अजून एक फेरी आहे. देवाला अशक्य नाही. तू तोंड उघडू नकोस."

सातवी फेरी तिने येशूच्या तसबिरीच्या कोपऱ्यात मेणबत्तीपुढे उभी राहून काढली. आज प्रार्थना निखळ होत नव्हती. "तुझी इच्छा होवो" म्हणायचं, तर मधेच "पण त्याला घ्या" असं तोंडातून निघे. नावं येत गेली. शेवटचं नाव आलं, टाळ्या झाल्या, आणि टीव्हीवरची माणसं हसत हसत पुढच्या वर्षाचं बोलू लागली.

फोन वाजला तो त्यानंतर. डेमियनने ऐकलं, "हो" म्हणाला, "समजलं" म्हणाला, आणि ठेवला.

"एजंट होता. करार कुणीच देत नाही. एक टीम आहे, लांबची. तीन दिवस येऊन दाखव म्हणतात. नुसतं दाखवायला. त्यातून एखादा ठेवतात, कधी एकही नाही. लगेच सांगायचंय, नाहीतर दुसऱ्याला विचारतील." त्याने कपाळ चोळलं. "आणि इथल्या शाळेने देऊ केलेली शिकवायची जागा सोमवारपर्यंतच राखून ठेवलीय."

"जायचंच!" आयरीन म्हणाली. "बायबलातसुद्धा म्हटलंय, ठोका म्हणजे उघडेल."

"ठोकायचं तर याचं कामच आहे," बड म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

डेमियन बापाकडे वळला. "डॅड, तू सगळ्यांना तोलतोस. मला कधी तोललं नाहीस. आता तोल. मी त्यांच्या लायकीचा आहे का?"

मायरनने पॉलेटकडे पाहिलं. तिने 'हो म्हण' अशी मान हलवली, इतकी किंचित, की ती फक्त त्यालाच दिसावी. सांग त्याला, तू वाघ आहेस. सांग, या लोकांना अक्कल नाही. एवढंच. तिने पदराला पुसावेत तसे एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, कोरडे असूनही.

मायरन उभा राहिला. तळवे पुढे केले. उजवीकडचं सगळं सांगितलं, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. मग डावीकडचं. दुष्टावा नाही. हात देऊन उठवतोस. फुटबॉल नसला तरी तुझं अडणार नाही. दोन्ही तळवे जवळजवळ एका पातळीवर आले आणि डावा थोडासा, अगदी बोटभर, खाली राहिला.

"आणि हेच मी त्यांना सांगितलं," तो म्हणाला. "आपल्या टीमला. त्यांनी फोन केला होता."

बडने टीव्ही बंद केला.

"कधी?" डेमियनने विचारलं.

"उपासात. मार्चच्या सुरुवातीला."

डेमियनचा हात गुडघ्याकडे गेला. "मार्चपासूनच त्यांचे फोन यायचे बंद झाले," तो म्हणाला. "मला वाटलं, माझा गुडघा बघून. मी रोज रात्री गुडघ्याला बर्फ लावत होतो, डॅड."

मायरनचे हात अजून हवेतच होते. ते खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. बडने टोपी उचलली, आयरीनचा दंड धरला आणि दोघं मागच्या दाराने निघून गेली. दारात आयरीन सवयीने म्हणाली, "ख्रिस्त उठला आहे." ईस्टरनंतर या घरात त्याला "खरंच उठला आहे" असं उत्तर मिळाल्यावाचून कुणी गेलं नव्हतं. आज पॉलेटने नुसतं दार लावून घेतलं.

डेमियनने फोन उचलला आणि एजंटला सांगितलं, "येतो म्हणावं." मग बापाकडे न बघता म्हणाला, "खोटं बोलला असतास तर मी कदाचित शाळेत शिकवायला गेलो असतो. मला कळलंच असतं ना, तू माझ्यासाठी खोटं बोललास. तेवढं मला पुरलं असतं. आता मला बघायचंय, फुटबॉलवाचून माझं अडतंय का नाही."

"मी सोडतो तुला," मायरन म्हणाला.

"नको. मॉम सोडेल."

तो वर गेला. प्रत्येक पायरी वाजली. मायरन खुर्चीत बसला. हात मांडीवर, तळवे वर, जसे ठेवले तसे. पॉलेटला त्याच्याजवळ जावंसं वाटलं आणि त्याला हलवून हलवून विचारावंसंही वाटलं, आणि दोन्ही जमेना. स्वयंपाकघरात उरलेली पानं पाण्यात पिवळी पडत होती. तिने गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली. पहाटे निघायचं होतं, रस्ता दिवसभराचा होता, आणि पंप बंद व्हायच्या आत मागच्या दोन टायरांत हवा भरून आणायची होती.