आमचे नवखे काका

खुर्चीवर बसले की ते आधी दोन्ही तळहात पँटला पुसायचे, मग माउसवर अगदी हलका हात ठेवायचे आणि माझ्याकडे वळून विचारायचे, "ताई, आता काय दाबू?"

आणि मला उत्तर द्यायला बंदी होती.

आमची कंपनी लहानशी, क्रांती चौकाजवळ एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचा ऑनलाइन कोर्स बनवता यावा, अशी वेबसाइट आम्ही चालवतो. त्यानं धडे चढवायचे, प्रश्न घालायचे, विद्यार्थ्यांनी घरबसल्या शिकायचं. अडचण एकच होती. लोक वेबसाइटच्या पहिल्या पानावर यायचे, जरा इकडंतिकडं बघायचे आणि निघून जायचे. आमच्या सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, ठरवलं, हे पहिलं पान मोडून नव्यानं करायचं आणि प्रत्येक बदल एखाद्या कोऱ्या माणसापुढं ठेवून बघायचा. त्यानं पान उघडून एक कोर्स बनवायचा, आपण शेजारी बसून तो कुठं अडतो ते टिपायचं. मदत करायची नाही. त्यानं काही विचारलं तर एवढंच म्हणायचं, "तुम्हाला काय वाटतं?"

असा कोरा माणूस शोधायला मी खाली बँकेत गेले. तिथं हे काका पासबुक छापायच्या मशीनपाशी उभे होते. स्वतःचं पासबुक केव्हाच छापून झालेलं, तरी थांबून मागच्यांना ते कुठून सरकवायचं हे सांगत होते. मी विचारलं, "काका, तासभर वेळ आहे का?"

ते हसले. "वेळेशिवाय दुसरं हायच काय माझ्याकडं?"

ते मूळचे सोयगावकडचे. पाणीपुरवठ्यातली नोकरी संपलेली, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. छावणी भागात दोन खोल्यांत एकटेच राहायचे. हे मला त्यांनी सांगितलं नाही. पानावर 'तुमची ओळख' असा एक रकाना होता, त्यात आम्हाला नुसतं नाव हवं होतं. त्यांनी एका बोटानं, सावकाश, हे सगळं लिहिलं.

पहिल्यांदा ते अडले तेव्हा मी नियमाप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. "मला? मला काय वाटतं, हे विचारणारी गेली, ताई. तवापासून कोणी विचारलं नाय."

नंतर ते येतच राहिले. पाण्याचा दिवस तेवढा सोडायचे, कारण नळ आला की घरी भरायला दुसरं कोणी नव्हतं. एरवी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून वेळेआधीच हजर. शेजाऱ्यांना "हापिसला चाललो" सांगून निघायचे, हे त्यांनीच एकदा लाजत सांगितलं होतं.

खरं तर एकाच माणसाला पुन्हा पुन्हा बसवण्यात अर्थ नसतो. पण काका दर खेपेला अडायचे आणि सर म्हणायचे, "हा माणूस अजून अडतोय म्हणजे पान अजून अवघड आहे." मुख्य अडचण 'कोर्स सुरू करा' या बटणाची. काकांना ते दिसायचंच नाही. आम्ही ते खालून वर आणलं. निळ्याचं पिवळं केलं. मोठं केलं, आणखी मोठं केलं. शेवटी ते जेवणाच्या ताटाएवढं झालं, तरी काका चष्मा सारखा करून म्हणायचे, "दिसंना बुवा."

आमची डिझायनर नवीनच लागलेली मुलगी. पान तिनं बनवलेलं. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, याहून मोठं केलं तर पानावर दुसरं काही मावणारच नाही."

एकदा मी चहा सांगायला बाहेर गेले आणि परतताना दाराशीच थबकले. त्या दिवशी चाचणीसाठी एक शाळेतल्या बाई आल्या होत्या. काका त्यांच्या शेजारी वाकून सांगत होते, "हे पिवळं दाबा. आता कोर्सचं नाव टाका. हितं धडा चढवा. ते बाजूचं चित्र बघू नका, ते नुसतं शोभेला हाय." हात पडद्यावर असा फिरत होता, जसा आपला आपल्या घरात अंधारात फिरतो.

मी दिसले तसे ते गप्प झाले आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

जिना उतरताना मी विचारलं, "काका, कधीपासून येतंय तुम्हाला?"

"दुसऱ्याच खेपेपासून."

"मग सांगितलं का नाही?"

ते कठड्याला धरून उभे राहिले. "येतं म्हणलं तर उद्या कशाला बोलवाल, ताई?"

मी हे सरांना सांगितलं नाही. तुम्ही तिथं असता, तर तुम्हीही बहुधा सांगितलं नसतं.

पुढच्या आठवड्यात सरांचा तोल सुटला. सगळ्यांसमोर ते त्या डिझायनर मुलीला म्हणाले, "एक बटण बसवायला जमत नाही? जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरं कोणीतरी बघतो." ती खाली मान घालून उभी. काका नुकतेच आले होते. पायातल्या चपला काढता काढता त्यांनी सगळं ऐकलं.

ते येऊन खुर्चीत बसले. त्या दिवशी मला काहीही विचारलं नाही. पिवळं बटण दाबलं, कोर्सला नाव दिलं 'गळका नळ दुरुस्त करणे', धडा चढवला, प्रश्न घातले, सगळं एका दमात. मग सरांकडे वळून म्हणाले, "साहेब, पोरीनं लई सोपं केलंय. आता बघा, मला बी आलं."

सरांनी टाळी वाजवली. मुलगी रडत रडत हसली. "झालं, आता चाचण्या बंद," सर म्हणाले. "पान चालू करा."

काकांनी चहा संपवला. आजवर कप टेबलावरच राहायचा, त्या दिवशी मात्र त्यांनी तो स्वतः विसळून पालथा घातला.

त्यानंतर ते मधूनमधून दारात दिसायचे. "बँकेत आलो होतो, म्हणलं डोकावावं." आत प्रत्येकाच्या कानात हेडफोन. मी उठून दोन शब्द बोलायचे, पण मग माझाही फोन वाजायचा. ते समजल्यासारखी मान हलवून निघायचे. एके दिवशी लक्षात आलं, बरेच दिवस ते आलेच नाहीत.

मग बंगळुरूहून काकांचा फोन आला. पाय घसरून पडले होते. मुलगा येऊन घेऊन गेला होता आणि छावणीतल्या खोल्याही सोडल्या होत्या.

"बरं चाललंय," ते म्हणाले. "सून लई करते. नातवाला मराठी कळतं, बोलायला येत नाय. खाली बागेत माझ्या वयाची माणसं बसतेत. ती कन्नडमधी हसतेत, मग मी बी हसतो." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं हाय आत्ता?"

"क्रांती चौकात. घरी निघालेय."

"व्हय, हॉर्न ऐकू येतेत." आणि म्हणाले, "ताई, बोलू नका. फोन तसाच धरा जरा."

मी फोन कानापासून दूर धरला. सिग्नल सुटला. बस गेली, दुचाक्या गेल्या. माझ्यापुढं एक रिक्षा येऊन थांबली आणि रिक्षावाला बाहेर डोकं काढून ओरडू लागला, "छावणी, छावणी! एक सीट, छावणी!"

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, बैठना है क्या?"

मी मानेनंच नाही म्हटलं आणि फोन त्याच्या दिशेनं आणखी पुढं केला.