ऐनाला मारलेली मिठी

डहाणूत माझं औषधांचं दुकान आहे. गावात कोणाला काय झालंय हे डॉक्टरांच्या खालोखाल मला ठाऊक असतं. मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी बारीक घडी घालून, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून पुढे सरकवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. तोंडाने मी कधी काही बोललो नाही. पण ती वळली की मनात म्हणायचो, घरदार चांगलं आहे, पोरंबाळं चांगली आहेत, यांना काय धाड भरलीय? गेल्या वर्षी तीच धाड मला भरली.

शटर वर केलं की छाती आवळायची. समोर चार माणसं उभी राहिली की हातातली पट्टी कुठल्या गोळीची हेच कळेनासं व्हायचं. ईसीजी काढला, चांगला आला. पुन्हा काढला, पुन्हा चांगला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. आता मनाचं बघा." ज्या गोळ्या माझ्या स्वतःच्या फडताळात होत्या, त्या मी वापीला जाऊन विकत आणल्या. गल्ल्यावर बायको बसू लागली. कोणी विचारलं तर "त्यांना मणक्याचा त्रास आहे" असं सांगू लागली. मणका हा इज्जतीचा आजार आहे.

गोळ्यांबरोबर समुपदेशनही हवं, असं त्या लिहून देणाऱ्या वापीच्या मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलं. समुपदेशक म्हणजे माझ्या मुलीपेक्षा लहान दिसणारी एक मुलगी निघाली. तिच्या खोलीत मी दहा मिनिटंसुद्धा बसू शकलो नाही, दार उघडायला उठलो. ती म्हणाली, "सर, आपण बाहेर भेटलो तर? झाडांत चालत बोलू." असाही उपचार असतो हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, बाहेर म्हणजे नेमकं काय करायचं? तिने नीट सांगितलं. चालायचं, वाटलं तर बसायचं, वाटलं तर गप्प राहायचं. फोन बंद. ऊन, पाऊस, मुंग्या, जे असेल ते असेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बाहेर दार नसतं, त्यामुळे ओळखीचं कोणी भेटू शकतं. "तेव्हा मी कोण म्हणून सांगायचं, ते तुम्ही ठरवा. तुमच्या शब्दाबाहेर मी बोलणार नाही."

हे ठरवायचं मी टाळलं. समुद्रावरच्या सुरूच्या बनात पहिल्यांदा गेलो, तर फिरायला आलेलं निम्मं डहाणू नमस्कार करून गेलं. प्रत्येकाची नजर आधी माझ्यावर, मग तिच्यावर. मी तिथूनच परत फिरलो. म्हटलं, पूर्वेला जाऊ, गंजाडच्याही पुढे, सायवनकडे. तिकडे कोण भेटणार आहे! शेजाऱ्यांना सांगितलं, तलासरीला माल बघायला जातो. ती तिच्या स्कूटरवरून यायची, मी माझ्या मोटरसायकलवरून, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे.

भातं पिवळी पडायला लागली होती. शेताच्या कडेला डोंगराच्या उतारावर ऐनाचा एक जुना वृक्ष होता, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा. तिच्याशी झालेल्या काही भेटींनंतर माझी जीभ जरा सैल झाली होती. त्या दिवशी ती म्हणाली, "आज बोलू नका. डोळे मिटा आणि खोडाला हात लावून उभे राहा. वाटलं तर मिठी मारा." मनात म्हटलं, काय हा पोरखेळ. इकडेतिकडे बघितलं, कोणी नव्हतं. मिठी मारली. साल खरबरीत, उन्हाने कोमट. आणि मी रडायला लागलो. बाप गेला तेव्हाही रडलो नव्हतो इतका, शेंबूड येईपर्यंत.

"झाड मोजाया आलास का, सायेब?"

मागे एक म्हातारा उभा होता, हातात कोयता. शेत त्याचंच होतं. आजूबाजूच्या गावांत गेले काही महिने मोजणीची माणसं फिरत होती, रस्त्याची की रेल्वेची कोणास ठाऊक. ती खोडाभोवती अशीच टेप गुंडाळायची आणि रंगाने आकडे टाकायची. पॅन्ट-शर्टातला माणूस झाडाला कवटाळून उभा आणि बाजूला चष्म्याची बाई, म्हणजे दुसरं काय असणार!

मी रुमालाने तोंड पुसलं. वेडा दिसण्यापेक्षा सरकारी दिसणं मला एकदम फार बरं वाटलं. "हो," म्हणालो.

"यो बी लिवलास?"

"हो. लिहिला."

त्याने वर शेंड्याकडे बघितलं, मग निघून गेला. समुपदेशक मुलीने मला शब्दाने टोकलं नाही. चालताना एवढंच विचारलं, "हो म्हणालात तेव्हा काय वाटलं?" मी खरं सांगितलं, "सुटल्यासारखं वाटलं." ती म्हणाली, "त्याला काय वाटलं असेल?" मी विषय बदलला. त्या आठवड्यात मी दुकानात तासभर बसू शकलो आणि उपचाराचा गुण आला म्हणून खूश झालो.

पुढच्या भेटीला गेलो तर ऐन नव्हता. बुंधा होता, भोवती लालसर ढलप्या, आणि आडवा पडलेला सबंध पसारा, पानं अजून हिरवी. माझे पाय तिथेच थांबले.

झोपडीतून म्हातारा आणि त्याची बायको लगबगीने आली. म्हातारीने दोन्ही हात जोडले होते. "वाऱ्यानं पडला, सायेब. लई वारा व्हता. आमी काय नाय केला." बुंध्यावर कुऱ्हाडीचे घाव मला दिसत होते, मला दिसतायत हे तिलाही दिसत होतं, तरी ती वाऱ्याचंच सांगत होती. म्हातारा खाली बघून उभा होता. एकदा सरकारने लिहिलं की झाड आपलं राहत नाही, मग त्याच्या फांदीलाही हात लावता येत नाही, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. म्हणून निदान लाकूड तरी हाती लागावं, यासाठी साहेब परत यायच्या आत त्यांनी तो आपल्या हाताने पाडला होता.

मी समुपदेशक मुलीकडे बघितलं. तिने काहीतरी बोलावं, मला यातून काढावं, असं फार वाटलं. ती गप्प उभी राहिली. तिने शब्द दिला होता आणि तो मीच घेतला होता. म्हातारीचे हात अजून जोडलेले होते. माझ्या आईच्या वयाची बाई माझ्यापुढे खोटं बोलत होती, आणि हे सगळं कशासाठी, तर मी रडलो हे कोणाला कळू नये म्हणून. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. दुकानात छाती आवळायची ती भीती होती. ही निव्वळ लाज होती.

"हात खाली करा, आई," मी म्हणालो. "मी साहेब नाही. मोजणीचा नाही. मी खोटं बोललो."

म्हातारा कसंनुसं हसला. "असां कसां, सायेब. तू मिठी मारून मापीत व्हतास ना."

"मापत नव्हतो. रडत होतो." मग ते वाक्य बोललो, जे मी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. "मला मनाचा आजार आहे. या माझ्या डॉक्टर आहेत. झाडापाशी बरं वाटतं म्हणून मी येतो. तुमचं झाड कोणी लिहिलेलं नाही."

म्हातारीने हात खाली घेतले. ती नवऱ्याला म्हणाली, "मंग उगाच तोडला रं." आणि मग, त्यालाच, "आता राबाला पाला कठचा आणशील?" भाताचं रोप टाकायच्या जागेवर ते दरवर्षी याच ऐनाच्या फांद्या छाटून, वाळवून जाळायचे, तोच राब. पुढच्या वर्षीचं रोप कशावर करायचं, हा तिचा साधा हिशेब होता. त्यात मी कुठेच नव्हतो.

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्याने कोयता उगारला असता तरी मी जागेवरून हललो नसतो. म्हातारा बुंध्यावर बसला, हाताने ढलप्या बाजूला सारल्या आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं, दुकानात मी लोकांकडे कधी बघितलं नव्हतं तसं.

"मंग बरा झालास का तरी?" त्याने विचारलं.

टोमणा असता तर सोसला असता. तो खरंच विचारत होता. एवढं मोठं झाड गेलं, निदान माणूस तरी बरा झाला का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

"नाही अजून," मी म्हणालो.