ताई गेली, मी पेज पीत राहिले

डॉक्टरांनी माझ्या आजाराचं नाव सांगितलं, तोवर नागपूरच्या दवाखान्यात ताई वारली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं.

"स्टूल कल्चर में शिगेला निकला है," गोंदियाच्या वॉर्डात डॉक्टर म्हणाले. स्टूल कल्चर म्हणजे शौचातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी. शिगेला हा आतड्याला आतून जखमा करणारा जंतू. रक्ताची आव त्यानेच लागते.

मी विचारलं, "मग माह्या ताईलेही हेच झालं असंल ना?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडात धरला. तेव्हा मला कळलं.

सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावातच ताईचं सासर. मी शिवणकाम करते आणि आईसोबत राहते. रोवणीत आम्ही दोघी एकाच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान लावत होतो. पावसाने शेताकडची विहीर काठोकाठ भरली होती, आजूबाजूचं पाणी तिच्यात उतरत होतं. तहान लागली, प्यालो. नंतर ताप आला, पोटात पीळ पडू लागले आणि शौचातून रक्त जाऊ लागलं. मी घाबरून दवाखान्यात गेले. ताईला शुगर होती, तरी ती म्हणाली, "आपोआप बरं होते, कायले दवाखाना?"

शेवटी तिला माझ्याच दवाखान्यात आणलं तेव्हा अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की किडन्या काम करत नव्हत्या. नागपूरला हलवताना स्ट्रेचरवरून ती मला म्हणाली, "माही चप्पल पाहून ठेवजो." आमचं शेवटचं बोलणं हेच.

घरी आले तर ताप नव्हता, रक्त थांबलं होतं, पण काही पचत नव्हतं. दूध प्यालं की पोट फुगायचं. डाळीने कळ यायची. डॉक्टर म्हणाले, "अँटिबायोटिकने वाईट जंतू मेले, सोबत पचवणारे चांगले जंतूही गेले. पेट को टाइम दो." दूध काही दिवस बंद. मऊ पेज, मुगाचं पाणी, पिकलेलं केळ, उकडलेली लौकी, म्हणजे दुधी. मग घरचं ताजं दही, थोडं थोडं. मिरची, तेल, बाहेरचं काही नाही. पाणी उकळूनच.

सांगायला हे सोपं आहे. पण पेजेची वाटी समोर आली की मला ताईचं तोंड दिसायचं आणि मी वाटी बाजूला सारायचे. आई दारात बसून असायची.

"काऊन खाऊन नाही राहिली?"

"भूक नाही."

"मले एकच पोरगी उरली आहे. खाय."

ताईच्या पुण्यानुमोदनाला, आमच्या बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, नातेवाईक जमले. वंदना झाली, जेवणं झाली. मामीने आग्रहाने उडदाचा वडा वाढला आणि मी नाही म्हटलं नाही. संध्याकाळी मी पुन्हा पोट धरून अंथरुणात. आतड्यातल्या जखमा अजून भरल्या नव्हत्या. पुन्हा पेजेपासून सुरुवात केली. आईने मामीला फोनवर सुनावलं, "माह्या पोरीले वडे चारून मारता का?" मग फोन ठेवून ती बराच वेळ रडली. ताई गेल्यावर तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की आईही काही खात नाही. मी टाकलेली पेज ती उभ्याने पिऊन टाकायची, तेवढंच तिचं जेवण. मग मी दोन वाट्या भरू लागले. ती प्यायली की मी प्यायचे. पुढे दहीभात, मग पातळ वरण. असंच आमच्या दोघींचं जेवण हळूहळू परत आलं.

तुमच्या घरी कोणाला रक्ताची आव लागली, तर वाट पाहू नका. शुगर असेल तर मुळीच नाही. आणि बरं झाल्यावर पोटाला घाई करू नका, आग्रह करणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

परवा आईने वांग्याची भाजी केली. मी पोळीसोबत खाल्ली, काही त्रास झाला नाही. आईने विचारलं, "पचली?" मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "मग ताईच्या घरी थोडी नेऊन देजो. जावई एकटाच जेवते."

मी डबा भरला आणि निघाले.