प्रार्थनेचे विषय

माझी आई, श्यामला साळवे, मार्केट यार्डातल्या एका मसाल्याच्या पेढीवर तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झाली. तिथल्या शेठची एक गोष्ट तिने कधी घरी सांगितली नाही. पोटात ठेवायचं कसब तिच्याकडे होतं. ते फक्त बुधवारी सुटायचं.

बुधवारी चर्चमध्ये महिला मंडळाची प्रार्थनासभा असते. सुरुवातीलाच विचारतात, "प्रार्थनेचे विषय सांगा." मग कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघतं, कुणाच्या नातवाची दहावी. बारावीत मी गणितात गचकलो, तेव्हा पुढच्या रविवारी अकरा जणींनी मला धीर दिला. आईला विचारलं, तर म्हणाली, "मी कुणाला सांगितलं? प्रभूला सांगितलं."

यंदा मार्चमध्ये माझी मोठी बहीण शेफाली एक बॅग घेऊन घरी आली. नवरा हात उचलतो, हे तिने फक्त आम्हा दोघांना सांगितलं. "पुढे काय करायचं ते माझं मला ठरवू द्या. तोवर कुणाला कळता कामा नये." आईने मान डोलावली. मला बुधवार आठवायला हवा होता. आठवला नाही, याची अजून लाज वाटते.

रविवारी संध्याकाळी दारात पाळकसाहेब उभे, आणि त्यांच्यामागे जावई. त्याची मावशी महिला मंडळातच आहे. पाळकसाहेब भला माणूस, अर्धा तास क्षमेवर बोलले. जावई खाली मान घालून बिस्किटं खात होता. शेफाली एवढंच म्हणाली, "मी येणार नाही."

ते गेल्यावर तिने बॅग भरून दारात ठेवली. "स्वारगेटला मैत्रिणीकडे जाते. इथं माझं काहीच माझं राहत नाही."

आईला तेव्हाच बोलता आलं असतं. पण ती म्हणाली, "आधी प्रार्थना करू." आमच्याकडे प्रार्थना केल्याशिवाय कुणी गावाला जात नाही. धाकट्यापासून सुरुवात, आई शेवटी. मी काहीतरी पुटपुटलो. शेफालीने नुसतं आमेन म्हटलं. मग आईने डोळे मिटले आणि तिच्या त्या सुरेख, न अडखळणाऱ्या आवाजात सुरू केलं, "दयाळू पित्या, माझ्या हातून लेकीचा विश्वासघात झाला, तिच्या दुखावलेल्या मनाला तू..."

"आई, डोळे उघड," शेफाली म्हणाली. "हे त्याला काय सांगतेस? मला सांग."

आईने डोळे उघडले. आमेनच्या आधी तिने डोळे उघडलेले मी जन्मात पाहिले नव्हते. तासन्‌तास प्रार्थना करणाऱ्या त्या बाईला आता शब्द सापडेना. मला तिच्याकडे बघवेना.

"चुकले गं मी," ती शेवटी म्हणाली. "फार भीती वाटली. एकटीला पेलेना."

शेफालीने उठून दारातली बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"दारात ठेवली की पायात येते," ती म्हणाली. "आणि या बुधवारी तू घरी बसायचंस."