डाव्या कोपऱ्यातला गडी

त्याच्या छातीत काहीतरी बिघडलंय, हे मला डॉक्टरांच्या चार महिने आधी कळलं होतं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही.

मुंबईला मी एका गिरणीच्या कबड्डी संघात होतो. नोकरी कागदावर खात्यातली, पगार खरा खेळाचा. गुडघा गेला तसा खेळ गेला, आणि मग गिरणीत तोंड दाखवायलाही नकोसं झालं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कतारला एका कंपनीत टाइमकीपर म्हणून आलो. कामगारांची हजेरी लावायची आणि कोणी आजारी पडलं तर हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून द्यायची, एवढंच काम. राहायला नजमा नावाच्या वस्तीत, एका खोलीत सहा जण.

शुक्रवारी आमच्यातले काही जण कंपनीच्या पिकअपमधून अल वक्ऱ्याला जात आणि समुद्राकाठी ओलसर वाळूवर कबड्डी खेळत. मी नुसता बघायला गेलो होतो. एकाची पकड सारखी सुटायला लागली तेव्हा राहवलं नाही; लंगडत आत गेलो आणि घोटा कसा धरायचा ते दाखवलं. त्या दिवसापासून मी मास्तर. गुडघा गेल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

चढाईला आमचा सगळ्यांत भारी गडी साताऱ्याकडचा होता. कामावर तो तेलाच्या टाक्यांवरचा गंज वाळूच्या फवाऱ्याने उडवायचा, तोंडाला फडकं बांधून. एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तो किती टिकतो, ते मी घड्याळावर मोजायचो. चाळीस सेकंद सहज. मग पस्तीस. ऑक्टोबरात पंचवीस, आणि शब्दांच्या मधे एक बारीक शिट्टी.

“काय पाव्हणं, बिड्यांनी दम खाल्ला वाटतं,” त्याच्या खोलीतला एक जण म्हणाला.

“बिडी न्हाई रं, तुजं घोरणं. महिनाभर झोप न्हाई मला.”

सगळे हसले. परतताना तो पिकअपमध्ये माझ्याशेजारी येऊन बसला. “मास्तर, एक चिठ्ठी द्या की. छाती दावून येतो.”

“फेब्रुवारीत स्पर्धा आहे. ती होऊ दे, मग देतो.”

“बरं. तुमी म्हणाल तसं.”

तपासणीत काही निघालं तर कंपनी त्याला घरी पाठवील, म्हणून त्याच्या भल्यासाठी थांबवतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते खोटं होतं. तो गेला तर माझा संघ मोडेल, एवढंच होतं. मी त्याची चढाई बंद केली आणि त्याला डाव्या कोपऱ्यात पकडीला उभं केलं. तिथे दम लागत नाही, मनगट लागतं. मास्तरचं डोकं चालतं बुवा, असं लोक म्हणाले. आणि तो चार महिने रोज त्याच धुळीत कामाला जात राहिला.

स्पर्धा आम्ही जिंकली. दुसऱ्याच दिवशी मी न मागता चिठ्ठी लिहिली. इंग्रजी बोलायला म्हणून त्याच्याबरोबर हॉस्पिटलात गेलो. एक्स-रेत फुप्फुसात साचलेली वाळूची धूळ बघून डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस हा काय करत होता? मी त्याला प्रश्न मराठीत सांगितला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “खेळत हुतो, म्हणावं.”

मी इंग्रजीत सांगितलं, त्याला कामातून सवड मिळाली नाही.

महिन्याभरात कंपनीने त्याला घरी पाठवलं. गावच्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं एक पत्र आलं: तुम्ही कोपरा दिलात म्हणून शेवटपर्यंत खेळलो. अडीच वर्षांनी तो गेला. मी मात्र त्यानंतरही सहा वर्षं शिकवत राहिलो.

आधी तपासलं असतं तर वाचला असता का, ठाऊक नाही. कोणा डॉक्टरला विचारायचा धीर झाला नाही. कंपनीने उशीर केला, असं त्याची बायको आजही धरून चालते. उशीर मी केला. तिच्या दारात जाऊन, तिच्यासमोर बसून हे सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.